नोट्सवाल्यांच्या गोतावळ्यात

लोटस नोट्स म्हटलं की बहुतेकांना ऑफिसातला जुना मेल आठवतो. आम्हा काम करणाऱ्यांच्या दृष्टीने मेल हा त्यातला एक कोपरा. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या कंपनीत मी २००३ साली चाकणला रुजू झाले, तिथे खरेदीची मागणी, गेट पास, ग्राहकांच्या तक्रारी, ड्रॉइंगमधले बदल, रजेचे अर्ज असं सगळं नोट्सवर चालायचं. कारखान्यात कागद हलायचा तो नोट्समधून. त्या ॲप्लिकेशन्सची देखभाल करणं आणि नवी बांधणं हे माझं काम.

या सॉफ्टवेअरचा वंश जुना आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची संगणक प्रणाली होती. तिच्यावर १९७३ मध्ये नोट्स नावाचा चर्चेचा प्रोग्राम आला. तिथे शिकलेल्या रे ओझी यांनी १९८४ साली आयरिस असोसिएट्स काढली, आणि त्या कंपनीने बांधलेलं नोट्स लोटस या सॉफ्टवेअर कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणलं. १९९५ मध्ये आयबीएमने साडेतीन अब्ज डॉलरला अख्खी लोटस घेतली. हा इतिहास सांगते याचं कारण असं, की नोट्सचा स्वभाव त्या पहिल्या दिवसांतच ठरला. ज्या काळात नेटवर्क कधी असायचं, कधी नसायचं, त्या काळासाठी ते बांधलं होतं. प्रत्येक सर्व्हरवर डेटाबेसची स्वतःची प्रत, आणि लाइन मिळाली की दोन प्रतींनी एकमेकींतले बदल देऊन-घेऊन जुळून यायचं. याला रेप्लिकेशन म्हणतात. आमचे कारखाने चाकण, वाळूज आणि नाशिकला अंबडमध्ये. मधल्या लीज्ड लाइन किरकोळ वेगाच्या. दिवसा वाळूजची लाइन पडली तरी तिथले लोक आपल्या प्रतीवर काम करत राहायचे आणि रात्री सगळं जुळून यायचं. ज्यांनी फक्त आजचं इंटरनेट पाहिलं आहे त्यांना यातलं मोल पटकन कळणार नाही, पण पावसाळ्यात केबल तुटलेली असताना डिस्पॅच न थांबणं म्हणजे काय, हे कारखान्यातला माणूस बरोबर सांगेल.

शिकवणी वगैरे लागली नाही. आमच्या साहेबांनी डिझायनरसोबत, म्हणजे नोट्सची ॲप्लिकेशन्स बांधायच्या साधनासोबत, येणारा हेल्पचा डेटाबेस उघडून दिला आणि म्हणाले, "मॅडम, आधी हे वाचा, मग माझ्याकडे या." ती हेल्प खरोखर उत्तम होती, आणि ती स्वतःच एक नोट्स डेटाबेस होती, म्हणजे वाचता वाचता तिचीच रचना उघडून बघता यायची. फॉर्म, व्ह्यू म्हणजे डॉक्युमेंटच्या याद्या, एजंट म्हणजे कामं उरकणारे छोटे प्रोग्राम, फॉर्म्युला भाषा, लोटसस्क्रिप्ट ही नोट्सची प्रोग्रामिंग भाषा हे सगळं त्यातूनच हाताखालून गेलं. अडायला झालं ते वेगळ्याच ठिकाणी.

वाळूजच्या स्टोअरमधून फोन यायचे: चाकणला मंजूर झालेल्या काही मागण्या आमच्याकडे दिसत नाहीत. सगळ्या नव्हेत, काहीच. सर्व्हरचा लॉग बघावा तर रेप्लिकेशन व्यवस्थित पार पडल्याची नोंद, चुकीचा एक शब्द नाही. मागणी चाकणच्या प्रतीत डोळ्यांसमोर उघडी आणि वाळूजच्या प्रतीत तिचा पत्ताच नाही. हे ॲप्लिकेशन पूर्वी बाहेरच्या माणसांकडून करून घेतलेलं, आणि ती माणसं केव्हाच गेलेली. हेल्पमध्ये रेप्लिकेशनवर पानंच्या पानं होती, पण आपल्या लक्षणाला नेमकं कुठलं पान लागू पडतं हे हेल्प सांगत नाही.

तेव्हा पहिल्यांदा मी नोट्सच्या जागतिक समुदायापुढे प्रश्न मांडला. चर्चेची जागासुद्धा डोमिनोवरच, म्हणजे नोट्सच्या मागे चालणाऱ्या सर्व्हरवरच, चालायची आणि खुद्द नोट्स बनवणारे इंजिनिअर तिथे अधूनमधून उत्तरं द्यायचे. मांडण्याआधी तिथले जुने प्रश्न वाचून काढले. लगेच लक्षात आलं, की "रेप्लिकेशन चालत नाही, मदत करा" अशा प्रश्नाकडे कोणी वळत नाही. ज्याने आवृत्ती, सर्व्हर किती, ॲक्सेस कंट्रोल लिस्टमध्ये म्हणजे परवानग्यांच्या यादीत कोणाला कुठली पातळी, काय करून पाहिलं आणि काय दिसलं हे लिहिलंय, त्याच्याभोवती माणसं जमतात. म्हणून मी कंपनीचा डेटा बाजूला ठेवून एक कोरा डेटाबेस केला. त्यात दोन फील्डचा फॉर्म, तीन डॉक्युमेंट, दोन चाचणी सर्व्हर. मूळ ॲप्लिकेशनमधली एकेक गोष्ट त्यात आणत गेले. मंजुरीनंतर मागणी ठराविक लोकांनाच दिसावी म्हणून ठेवलेलं रीडर्स फील्ड आणलं, आणि दुसऱ्या सर्व्हरवरून डॉक्युमेंट गायब झालं. तेवढं चित्र मांडून प्रश्न पाठवला.

सकाळी उत्तर आलेलं होतं. रीडर्स फील्ड माणसांना जसं अडवतं तसंच सर्व्हरलाही अडवतं. वाळूजचा सर्व्हर चाकणकडे बदल मागायला येतो तेव्हा तोही एक वाचकच असतो. यादीत त्याचं नाव नसेल तर त्याच्या दृष्टीने ते डॉक्युमेंट अस्तित्वातच नसतं, आणि जे दिसतच नाही त्याबद्दल लॉगमध्ये चूक कशी नोंदली जाईल? उपाय असा: प्रत्येक रीडर्स फील्डमध्ये सर्व्हरांच्या गटाचं नाव घाला, किंवा त्याहून बरं, ॲक्सेस कंट्रोल लिस्टमध्ये एक रोल काढून तो सर्व सर्व्हरना द्या आणि फील्डमध्ये त्या रोलचं नाव ठेवा. खाली आणखी एकाने जोड दिली होती: जुनी डॉक्युमेंट दुरुस्त करायला एजंट चालवाल तेव्हा फील्डमधली नावं बदलल्यावर ते फील्ड रीडर्स प्रकारचं आहे हे कोडने पुन्हा सांगा, नाहीतर ते साधं मजकुराचं फील्ड होईल आणि गोपनीय मागण्या सगळ्यांना उघड्या पडतील. ही दुसरी सूचना मी विचारलीच नव्हती. उत्तर देणाऱ्याला ठाऊक होतं की पुढच्या तासाभरात मी काय करायला घेणार आहे.

मला या समुदायाने धरून ठेवलं ते यामुळे. एखाद्या कंपनीच्या आत चालणारी अशी सॉफ्टवेअर बाहेरच्या जगाला दिसत नाहीत. त्यांच्यातल्या अडचणी वर्तमानपत्रात येत नाहीत, कॉलेजात शिकवल्या जात नाहीत. त्या ज्यांनी सोसल्या त्यांच्या डोक्यात असतात आणि ती माणसं जगभर विखुरलेली. बेल्जियममधला सल्लागार, ओहायोतल्या विमा कंपनीतला ॲडमिन आणि चाकणच्या कारखान्यातली मी, तिघांच्या टेबलावर एकच खिडकी उघडी. अमेरिकेत ऑर्लँडोला दर जानेवारीत नोट्सवाल्यांची लोटस्फिअर परिषद भरायची. तिथे जाणं मला जमलं नाही, पण तिथली सत्रं झाल्यावर वक्ते स्लाइड आणि नमुना डेटाबेस मोकळेपणाने देऊन टाकायचे. पुण्यात आम्ही तीन-चार कंपन्यांतले नोट्सवाले मिळून शनिवारी ते उघडून बसायचो. शिवाय २००१ पासून ओपनएनटीएफ ही संस्था होती. नोट्सवर बांधलेलं काहीही इथे ठेवा, इतरांनी घ्यावं, सुधारावं, असा तिचा हेतू. आमच्या कितीतरी ॲप्लिकेशन्समध्ये तिथून घेतलेल्या स्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे पुन्हा वापरता येणारे तयार कोड, होत्या.

घेणं सोपं होतं. देण्याची वेळ आली ती मराठीमुळे.

२००९च्या सुमारास कारखान्यात कायझेन, म्हणजे छोट्या छोट्या सततच्या सुधारणांची, सूचना योजना जोरात होती. कामगारांनी सुधारणा सुचवायच्या, सुपरवायझरने मत द्यायचं, मेंटेनन्सने आणि क्वालिटीने आपलं म्हणणं जोडायचं. आधी हे इंग्रजी फॉर्मवर व्हायचं आणि सूचना लाइन लीडर भाषांतर करून भरायचा, त्यात अर्धा जीव निघून जायचा. मी आग्रह धरला की सूचना मराठीतच टाइप व्हाव्यात. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड शिकवला आणि सूचनांचा पूर आला. "कूलंट ट्रेला मागून उतार दिला तर तेल जमिनीवर येणार नाही" अशी एक ओळ, तिच्याखाली मेंटेनन्सचं उत्तर, त्यावर पुन्हा कामगाराचं म्हणणं. चर्चा रंगायची. हा सगळा क्रम एका मजकुराच्या फील्डमध्ये तारखेनिशी साठत जायचा, जशी आमच्या इतर ॲप्लिकेशन्समध्ये वर्षानुवर्षं पद्धत होती.

काही महिन्यांनी सर्वांत जास्त चर्चा झालेल्या सूचना सेव्ह होईनात. नोट्स म्हणायचं, फील्ड ३२ केबीपेक्षा मोठं आहे. ही मर्यादा प्रत्येक नोट्सवाल्याला पाठ असते. पण मजकूर मोजला तर अकरा हजार अक्षरांच्या आसपास भरत होता. तेवढ्याच लांबीची इंग्रजी चर्चा ग्राहक-तक्रारींच्या डेटाबेसमध्ये बिनबोभाट सेव्ह होत होती, तिच्या दुप्पट लांबीचीसुद्धा.

या वेळी प्रश्न विचारण्याआधी मोजमाप केलं. लोटसस्क्रिप्टमधली लांबी मोजायची तीन फंक्शन वापरून पाहिली: एक अक्षरं मोजतं, दुसरं स्मृतीतले बाइट, तिसरं त्या संगणकाच्या वर्णसंचातले बाइट. तिघांपैकी एकाचाही आकडा ३२ केबीशी जुळेना. मग सेव्ह झालेल्या डॉक्युमेंटमधल्या आयटमलाच, म्हणजे फील्डच्या साठवलेल्या रूपालाच, विचारलं की तू किती बाइट घेतलेस. नोट्स आयटमला तसा गुणधर्म आहे. एका चाचणी डॉक्युमेंटमध्ये शंभर इंग्रजी अक्षरं घातली, दुसऱ्यात शंभर वेळा 'क'. पहिल्याचा आकडा शंभराच्या आसपास, दुसऱ्याचा तीनशेच्या आसपास. तीन पटींचा हिशेब तिथे दिसला, पण का हे कळत नव्हतं.

उत्तर पुन्हा समुदायातून आलं, अशा माणसाकडून ज्याने नोट्सच्या सी एपीआयवर, म्हणजे सी भाषेतून नोट्सच्या पोटात शिरायच्या वाटेवर, उमेदीची वर्षं घालवली होती. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच वर्णसंच देणाऱ्या युनिकोडच्या आधी नोट्स जन्मलं. म्हणून लोटसने स्वतःचा बहुबाइटी वर्णसंच केला, एलएमबीसीएस. त्यात प्रत्येक लिपीगटाला एक क्रमांक आहे: रशियन, अरबी, हिब्रू, थाई, जपानी. मजकूर साठवताना आधी गटाचा बाइट आणि मग अक्षराचे बाइट. देवनागरीला असा स्वतंत्र गटच नाही. ती युनिकोडसाठी राखलेल्या गटातून जाते: एक बाइट गटाचा, दोन अक्षराचे, एकूण तीन. आणि हे तीन प्रत्येक चिन्हाला. 'दुरुस्ती' हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणू, पण त्यात उकार, हलन्त, वेलांटी धरून आठ चिन्हं आहेत, म्हणजे २४ बाइट. शॉप फ्लोअरच्या चर्चेत हा शब्द किती वेळा येतो ते वेगळं सांगायला नको. ३२ केबीला तीनने भागलं की उत्तर अकरा हजारांच्या किंचित खाली येतं. कोडं सुटलं.

रचना बदलणं हे त्यामानाने सरळ काम होतं. प्रत्येक मत वेगळं रिस्पॉन्स डॉक्युमेंट, म्हणजे मूळाला जोडलेलं उत्तराचं डॉक्युमेंट, केलं आणि मूळ सूचनेखाली लावलं. त्याने आणखी एक जुनं दुखणं गेलं. पूर्वी चाकण आणि अंबडच्या माणसांनी एकाच दिवशी एकाच सूचनेवर लिहिलं की रात्री रेप्लिकेशन कॉन्फ्लिक्ट व्हायचा, म्हणजे एकाचं लिखाण मूळ डॉक्युमेंटमध्ये आणि दुसऱ्याचं खाली लटकलेलं. आता प्रत्येकाचं डॉक्युमेंट वेगळं, भांडणच नाही. ज्या फील्डला फोडणं शक्य नव्हतं तिथे सेव्ह होण्याआधी बाइट मोजून सावध करणारी एक छोटी लायब्ररी लिहिली. इंग्रजी चिन्हाला एक, बाकी कुठल्याही चिन्हाला तीन, असा मुद्दाम वरचढ अंदाज धरून. सेव्ह न होण्यापेक्षा थोडं आधी थांबलेलं बरं.

ही लायब्ररी ओपनएनटीएफला द्यायची असं ठरवलं आणि तिथून जे सुरू झालं ते कोड लिहिण्यापेक्षा कितीतरी लांबलं. कोड मी पगाराच्या वेळेत लिहिलेला, म्हणून तो कंपनीचा. योगदानाच्या करारावर माझ्याबरोबर कंपनीचीही सही हवी होती. संस्थेने २००९ मध्ये बौद्धिक संपदेचं धोरण पक्कं केलं होतं आणि ते योग्यच होतं. कोड घेणाऱ्या बँकेला किंवा सरकारी खात्याला तो कोणाचा आहे याची खात्री लागते. पण आमच्या विधी विभागाने अशी गोष्ट कधी पाहिलीच नव्हती. "फुकट का द्यायचं?" हा पहिला प्रश्न. मी त्यांना आमच्या ॲप्लिकेशन्समध्ये ओपनएनटीएफकडून आलेल्या लायब्ररींची यादी दाखवली आणि त्यांपैकी एक जरी विकत करून घेतली असती तर काय खर्च आला असता त्याचा अंदाज दिला. दुसरा प्रश्न जास्त रास्त होता: यातून आपल्या कारखान्याची काही माहिती बाहेर जाते का? त्यासाठी मी कोड ओळीओळीने साफ केला. सर्व्हरांची नावं, विभागांचे कोड, चाचणीच्या डॉक्युमेंटमधले कामगारांचे टोकन नंबर, सगळं काढलं. नोट्सच्या डिझाइनमध्ये शेवटचा बदल कोणी केला त्याचं नाव चिकटून राहतं, म्हणून सगळे डिझाइन घटक एका कोऱ्या डेटाबेसमध्ये वेगळ्या आयडीने पुन्हा सही केले. रोमन लिपीत मराठीत लिहिलेल्या टिपा नव्याने इंग्रजीत लिहिल्या. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर अपाचे २.० या मुक्त वापराच्या परवान्याचा मजकूर आणि सोबत नोटीसची फाइल. शेवटी विधी विभागाच्या बाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी सांगा, मसुदा तयार ठेवते." कंपनीतल्या दुसऱ्या दोघांनी नंतर त्याच मसुद्यावर आपला कोड दिला.

लायब्ररी प्रसिद्ध झाल्यावर चेन्नईच्या एका प्रोग्रामरने तमिळवर मोजून आकडा कळवला: तीन बाइट, आपल्यासारखाच. बँकॉकहून एकाने लिहिलं की थाईला स्वतःचा गट असल्यामुळे तिथे चिन्हाला दोनच बाइट पडतात आणि माझा अंदाज त्यांच्या वापरकर्त्यांना फार लवकर थांबवतो. त्याने सोबत गटांचा तक्ता आणि बदललेलं फंक्शनही पाठवलं. ते घालून पुढची आवृत्ती काढली आणि त्याचं नाव योगदान देणाऱ्यांत गेलं. ज्या माणसाला मी कधी भेटले नाही त्याने माझा कोड माझ्याइतक्याच काळजीने वाचला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं समाधान मला थोड्याच गोष्टींनी दिलं.

पुढची वर्षं सुखाची नव्हती. डोमिनोवर वेब ॲप्लिकेशन्स बांधायचं एक्सपेजेस आलं, शिकलो, ओपनएनटीएफच्या एक्स्टेन्शन लायब्ररीवर खूप काम केलं. पण आजूबाजूच्या कंपन्या एकेक करून दुसरीकडे वळत होत्या. आमच्या शनिवारच्या बैठकीतली माणसं शेअरपॉइंटकडे, एसएपीकडे गेली, आणि त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमने विकासाचं काम एचसीएलबरोबर करायचं जाहीर केलं. त्यानंतर जगभर ग्राहकांना आणि प्रोग्रामरना विचारलं गेलं, की डोमिनोत तुम्हाला काय हवंय. मी अनेक वर्षं मनात ठेवलेली यादी पाठवली. सूचना मांडायच्या आयडिया पोर्टलवर मतं पडू लागली. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आवृत्ती १० आली तेव्हा लोटसस्क्रिप्टमधून थेट वेब सेवेला विनंती करता येऊ लागली. त्याआधी त्यासाठी जावाचा वळसा घ्यावा लागायचा. डेटाबेसची मर्यादाही ६४ जीबीवरून २५६ जीबी झाली. मागितलेलं कोणीतरी ऐकतंय हे आम्हाला फार दिवसांनी जाणवलं. त्याच डिसेंबरात एचसीएलने नोट्स-डोमिनोसकट आयबीएमची काही उत्पादनं १.८ अब्ज डॉलरला घेत असल्याची बातमी आली आणि २०१९च्या मध्यावर व्यवहार पूर्ण झाला.

आमची कंपनी डोमिनोवरच राहिली आहे. मेल हलवला, ॲप्लिकेशन्स ठेवली, कारण वीस वर्षांचे मंजुरीचे मार्ग उपटून दुसरीकडे लावायला लागणारा पैसा व्यवस्थापनाने एकदा कागदावर पाहिला. मला वाटतं तो निर्णय आकड्यांवर झाला तसाच विश्वासावरही झाला. अडलं तर विचारायला माणसं आहेत, हे मी त्या बैठकीत पुराव्यानिशी सांगू शकले.

सध्या नोमॅड या मोबाइल-टॅबलेटवरच्या नोट्समधून हीच ॲप्लिकेशन्स सुपरवायझरांच्या टॅबलेटवर चालवून पाहतो आहोत. तिथे लोक मराठी टाइप न करता बोलून घालतात, त्यामुळे मतं लांबलचक येऊ लागली आहेत आणि बाइट मोजणाऱ्या लायब्ररीला पुन्हा काम लागलं आहे. इमोजीचा प्रश्न नवा आहे. युनिकोडच्या मूळ पट्ट्याबाहेर असल्यामुळे एक इमोजी दोन चिन्हांचा बनतो आणि लायब्ररी त्याचे सहा बाइट धरते. प्रत्यक्षात आयटम किती घेतो ते वेगवेगळ्या आवृत्त्यांवर मोजायचं आहे. कन्नड, बंगाली, गुजराती ॲप्लिकेशन्स डोमिनोवर कोणी चालवत असेल तर शंभर अक्षरांची तीच चाचणी करून आकडा आणि आवृत्ती मला कळवा. पुढच्या आवृत्तीत तक्ता घालायचा आहे, आणि आकडा देणाऱ्याचं नाव त्यात राहील.